पोटातला पारा, श्वासातला पारा

माझा थोरला भाऊ नरसिंगराव देवांना सोन्याचं तोंड द्यायचा. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून तो तांब्याच्या मुखवट्यांवर मुलामा चढवी. विजेवर मुलामा देणारी दुकानं तोवर निघाली होती, पण अण्णा त्यांना हसायचा. "ते सोनं चिकटवतात, मी मुरवतो," म्हणायचा. पाऱ्यात सोनं घोटून लोण्यासारखा लेप करायचा, तो मुखवट्याला चोळायचा आणि मुखवटा कोळशाच्या शेगडीवर धरायचा. पारा उडून जाई, सोनं मागे राही. करड्या, मळकट लेपातून देवीचं तोंड हळूहळू पिवळं उजळताना मी किती वेळा पाहिलं असेल, आणि दर वेळी माझे हात आपोआप जोडले गेले. उडालेला पारा जातो कुठे, असं मात्र आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

पाऱ्याची भीती त्याला नव्हतीच. विशीत असताना उमाजी नावाच्या दोस्ताशी पैज लावून त्यानं घोटभर पारा गिळला होता. आमची आई देव पाण्यात घालून बसली. गल्लीतले लोक तिरडीचे बांबू कुठे मिळतील याचा विचार करू लागले. दुसऱ्या दिवशी पारा जसा गेला तसा बाहेर आला आणि अण्णाला साधी मळमळसुद्धा झाली नाही. तेव्हापासून हा माणूस पाऱ्याला पाळीव मांजर समजत आला होता.

सत्तावन्न साली त्याच्या मुलाचं, व्यंकटेशचं लग्न झालं. सून विमला चिकोडीकडची. तिचे वडील गावातले वैद्य. त्याच वर्षी बाजारातल्या जुन्या मुलामेवाल्यांनी धंदा बंद केला आणि गावोगावच्या देवळांची सगळी कामं अण्णाकडे आली. शेजाऱ्यानं भिंत उंच केली, मागच्या खोलीची खिडकी बुजली. अण्णाला त्याचं काही वाटलं नाही. उलट शेगडीला वारा लागत नाही म्हणून खूश झाला.

वर्षभरात त्याचा हात थरथरायला लागला. आधी कॉफी बशीत सांडायची, मग सदऱ्यावर. तोंडातून लाळ गळू लागली, दात हलू लागले. ज्याच्या आवाजानं गिऱ्हाईक दचकायचं, तो आता गिऱ्हाईक आलं की आत जाऊन बसायचा. एकदा भाजीवाल्यानं "बरे आहात ना?" विचारलं, तर ढसाढसा रडला. माझ्या सिंहासारख्या भावाचं हे असं झालेलं बघून मला माझाच राग यायचा, देवाचाही यायचा.

विमलानं माहेरून अश्वगंधाची पूड मागवली आणि रोज दुधातून त्याला द्यायला लागली. नळावर शेजारच्या ठकुबाईनं चौकशी केली तेव्हा ती पोर आपल्या बोलीत सरळ म्हणाली, "मामंजींच्या दुधात रोज मद्दु घालतो की मी."

चिकोडीकडे मद्दु म्हणजे औषध. आमच्या बेंगळुरात डॉक्टर देतो ते औषध, आणि 'मद्दु घातलं' याचा अर्थ एकच: कुणी तरी अन्नातून गुपचूप काही चारलं, माणसाला वश करायला किंवा झिजवून मारायला. ठकुबाईनं घागर भरायचीही वाट पाहिली नाही. तशीच धावत तुंगावहिनीकडे आली.

वहिनी म्हणजे अण्णाची बायको. मनानं वाईट नव्हती, पण एकदा डोक्यात शिरलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही काढता यायचं नाही. नवऱ्याला घास भरवायची पाळी आलेली, ती बाई तरी काय करणार? तिनं वेगळी चूल मांडली आणि विमलाच्या हातचं पाणीसुद्धा सोडलं. बाजारापलीकडून मद्दु काढणारा एक माणूस आणला. त्यानं अण्णाला कसलासा रस पाजून ओकायला लावलं आणि ओकारीतून केसांचा गोळा काढून दाखवला. तो गोळा आधीपासून त्याच्याच मुठीत नव्हता, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वहिनीला पुरावा मिळाला. दसरा झाला की व्याह्यांना बोलावून पोर परत न्यायला सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं. व्यंकटेशला आईपुढे ब्र काढता येत नव्हता. विमला मोरीत भांडी घासता घासता रडायची.

मी शाळामास्तरीण. मी अण्णाला ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. सुधींद्र नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी अण्णाला नाव लिहायला लावलं. कागदावर मुंग्यांची रांग उमटली. हिरड्या पाहिल्या, धंदा विचारला, कामाची खोली कशी आहे तेही विचारलं, लघवी तपासायला घेतली. पुढच्या खेपेला म्हणाले, "अंगात पारा आहे. खूप आहे."

अण्णानं लगेच पैजेची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसले. म्हणाले, "पोटात गेलेला पारा पाहुणा. आला तसा जातो. पण तापवला की त्याची वाफ होते. तिला वास नाही, रंग नाही. ती श्वासातून रक्तात जाते, रक्तातून डोक्यात, आणि तिथे घरजावई होऊन बसते."

"मग इतकी वर्षं मला काही झालं कसं नाही?"

"तेव्हा वर्षाला चार मुखवटे आणि उघडी खिडकी. तेवढं तुमचं शरीर बाहेर टाकत होतं. आता येतं जास्त, जातं कमी. किती गेलं, कुठल्या वाटेनं गेलं, किती दिवस गेलं आणि कुणाच्या अंगात गेलं, त्यावर विष ठरतं, राव. भांडंभर मीठ खाल्लं तर मीठही मारेल."

परतताना मी बाजारातून चालले होते खरी, पण मला दिसत होती ती नुसती विषं. कापूर, तंबाखू, चुना, मोरचूद, मीठ, सगळं दुकानादुकानांतून मांडलेलं, आणि लोक त्यातून खुशाल हिंडत होते. माझ्या भावाच्या शरीरानं तीस वर्षं कुणाला न सांगता ते विष उपसून टाकलं होतं. एवढं मोठं काम आत चालू आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही! अंगावर काटा आला माझ्या. देवळातही कधी आला नव्हता तसा.

घरी मात्र गणित उलटलं. वहिनी म्हणाली, "पारा सापडला ना? मग तिनंच घातला."

"पोटातून पारा बाधत नाही, वहिनी."

"कुठलाच?"

आता मास्तरकीनं मला खरं बोलायची खोड लागलेली. डॉक्टरांना मीही तेच विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं की त्याच पाऱ्याचा रसकापूर केला तर तो पोटातूनही जीव घेतो. मी तेही सांगून बसले.

"तिचा बाप वैद्य. त्याच्याकडे रसकापूर असणारच," वहिनी म्हणाली. विमला दाराशी उभी होती.

तेवढ्यात अण्णा बोलला. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "तुंगा, आजपासून शेगडी बंद. त्या खोलीला कुलूप. आणि मी फक्त विमलाच्या हातचं खाईन. ती देते ते दूधही घेईन. खोली सोडून हात कापायचा थांबला, तर दोष खोलीचा. नाही थांबला, तर तुझं खरं."

"आणि तिनं खरंच घातलं असलं तर?"

"मग मी मरेन. हा हात असाच राहिला तर जगून तरी काय करू?"

मी शाळेत प्रयोग पुष्कळ केले आहेत. पण स्वतःलाच परीक्षानळी करणारा माणूस मी तो एकच पाहिला. दोन कारणं एकमेकांत गुंतली होती. त्यातलं एक काढायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं, हे त्या धड न शिकलेल्या सोनाराला कुणी सांगितलं असेल? कुणीच नाही. ज्यानं आयुष्यभर भेसळीतून सोनं वेगळं केलं, त्यालाच ते सुचणार.

पहिल्या दिवशी विमलानं पानात जेमतेम घासभर भात वाढला. अण्णा म्हणाला, "वाढ गं. स्वल्प जास्तच वाढ."

दसरा गेला, दिवाळी गेली. काही फरक नाही. वहिनी रोज त्याच्या बोटांकडे बघायची आणि मान फिरवायची. व्याह्यांना लगेच बोलवा म्हणून तिनं दोनदा विषय काढला. अण्णा म्हणाला, "थांब." डॉक्टर म्हणायचे, घरजावई सावकाश निघतो. संक्रांतीच्या सुमाराला लाळ थांबली. मग एकदा त्यानं दूधवाल्याला पाणी घातल्याबद्दल असं झाडलं की गल्ली गोळा झाली. घरात आम्ही सगळे आनंदानं एकमेकांकडे पाहत होतो. रडणारा अण्णा गेला होता, भांडणारा परत आला होता.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, जेवणाचं पान मांडून विमलानं आधी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. काठोकाठ भरलेला पेला होता. अण्णानं तो उचलला, ओठापर्यंत नेला, प्यायला आणि खाली ठेवला. पाटावर थेंब नव्हता. व्यंकटेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वहिनी उठली. आपल्या चुलीवरचं भाताचं भांडं तिनं उतरवून ठेवलं, पाट घेतला आणि अण्णाच्या शेजारी मांडून बसली.

"विमला," ती म्हणाली, "मला वाढ. आणि त्यांच्या दुधातलं स्वल्प मलाही दे."

विमला जागची हलेना. तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तो पानाकडे बघत होता. मग तिनं दुधाचा पेला भरून सासूपुढे ठेवला, आणि वहिनीनं तो आम्हा सगळ्यांसमोर एका दमात पिऊन टाकला.