कापलेला धूमकेतू

एवारिस्तो पास्तेन आमच्या एल चान्यारचा पाटकरी. डोंगरातून उतरणाऱ्या कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे काम त्याच्याकडं. प्रत्येक चारीच्या दाराला कुलूप, आणि सगळ्या कुलपांची एकच किल्ली, ती ह्याच्या कमरेला. आमच्याकडं पाऊस वर्षातून चारदा येतो, त्यातही दोनदा नुसता तोंड दाखवून जातो. तेव्हा ज्याच्या कमरेला ती किल्ली, त्याच्याशी भांडायला पाद्रीसुद्धा दोनदा विचार करायचा.

माणूस मात्र भांडखोर नव्हता. बुटका, रुंद, बोलायला कंजूष. निम्म्या पाळ्या रात्रीच्या. दार उघडलं की पाणी वाफ्यात मुरेपर्यंत बांधावर उताणं पडून राहायचं, दुसरं काय करणार? त्याच्या आधीचा पाटकरी घोरायचा. हा वर बघत राहिला, वीस वर्षं. डोंगरावरच्या मोठ्या वेधशाळेत त्याचा एक चुलतभाऊ स्वयंपाकी होता. त्यानं एकदा कुठल्या मासिकाची चार पानं आणून दिली आणि हा माणूस कामातून गेला.

त्या पानांत लिहिलं होतं, की ताऱ्यांचा फोटो काढायला दुर्बीण लागत नाही. साधा कॅमेरा पुरतो, पण त्याचा डोळा पाच-दहा मिनिटं उघडा ठेवायचा. तेवढ्यात तारे सरकतात, म्हणून कॅमेराही त्यांच्या मागं सरकवत न्यायचा. त्यासाठी दोन फळ्या घ्यायच्या, पुस्तकासारख्या एका कडेला बिजागरीनं जोडायच्या, आणि मधून एक लांब पेच घालून तो हातानं हळूहळू फिरवायचा. मिनिटाला एक फेरा. खालची फळी जागेवर, वरची फळी कॅमेरा घेऊन उघडत जाते. कॅमेरा त्याला खाणीतल्या एका इंजिनियरनं जाता जाता दिला होता. फळ्या घरच्याच होत्या. राहिली बिजागरी.

एके सकाळी त्याच्या बायकोनं, रोसेंदानं, परसात उभं राहून विचारलं, "शेळ्यांच्या फाटकाची बिजागरी कुठाय?"

"आभाळाला लावली."

"आन फाटकाला?"

"दोरी."

दोरी शेळ्यांनी खाल्ली. मग त्या शेजारच्या सुनिल्दा तापियाच्या रानात शिरल्या आणि तिचा उशिराचा मका खाल्ला. सुनिल्दा विधवा, साठीची, काठीसारखी ताठ. ती एवारिस्तोच्या थोरल्या मुलीची धर्ममाता होती. ज्या बाईनं तुमच्या पोरीला बाप्तिस्म्याला हातावर धरलं, तिच्याशी अबोला धरला तर मेल्यावर तोंडात माती जाते, असं आमची जुनी माणसं सांगायची. म्हणून ही दोघं कितीही पेटली तरी एकमेकांना कोंपाद्रे आणि कोमाद्रे, म्हणजे पोरीच्या बाप्तिस्म्यानं जोडलेले सोयरे, म्हणूनच भांडत.

"कोंपाद्रे, तुझ्या शेळ्या माझ्या मक्यात जेवत व्हत्या तवा तू काय करीत व्हतास?"

"फोटो काढत होतो, कोमाद्रे."

"रातच्याला? कशाचा?"

"आभाळाचा."

"पोरीच्या लग्नात फोटू काढ म्हणलं, तर म्हणालास फिल्म न्हाय. आन अंधाराचे काढायला हाय व्हय?"

हे सगळं मला माहीत, कारण मी त्यांच्या परसापलीकडंच राहायचो आणि गावची बस चालवायचो. मंगळवारी आणि शुक्रवारी ओव्हायेला जायचो, संध्याकाळी परत. एवारिस्तोची रिळं मीच शहरातल्या फोटोच्या दुकानात धुवायला नेत होतो.

साल शहाऐंशी. त्या एप्रिलात तो मोठा धूमकेतू आला, शहात्तर वर्षांनी येणारा. आमच्या बाजूनं जगात सगळ्यात चांगला दिसणार, असं रेडिओ महिनाभर सांगत होता. गाव पहिल्या रात्री बाहेर आलं. लोकांच्या मनात नाताळच्या देखाव्यातला तारा, लांब सोनेरी शेपटीचा. वर होता एक धुरकट गोळा.

"हे?" पाणीपंचायतीचे अध्यक्ष म्हणाले. "ह्याच्यापेक्षा माझ्या मेंढीच्या बुडाला जास्त लोकर हाय."

लोक हसून झोपायला गेले. एवारिस्तो राहिला. तो तेव्हा सत्तेचाळीसचा होता. मला म्हणाला, "पुन्हा येईल तवा माझी हाडं बी कालव्यानं वाहून नेलेली असतील. मला ह्याचा एक फोटो पायजे. एकच, पण धड." इतकी वाक्यं त्यानं एका दमात बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

दोन रात्री जागून त्यानं अख्खं रीळ संपवलं. शुक्रवारी मी ते नेलं, मंगळवारी आणलं. त्यानं पाकीट बसच्या पायरीवरच फोडलं. दुकानदारानं एकही फोटो छापला नव्हता. नुसत्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. एवारिस्तोनं एक पट्टी उन्हाला धरली, मग दुसरी. मी वाकून बघितलं. कात्री बरोबर धूमकेतूच्या डोक्यातून गेली होती. अर्धं डोकं ह्या पट्टीला, अर्धं त्या. सगळ्या पट्ट्यांची तीच गत.

त्याचा असा चेहरा झाला, की मी बस तशीच उलटी फिरवली. उतारूंनी शिव्या दिल्या, पण सगळे उतरून घ्या म्हटलं आणि ओव्हाये गाठलं. दुकान बंद करत होते.

"तुम्ही धूमकेतू कापलात," मी म्हणालो.

दुकानदार बिचारा घाबरला. "कसला धूमकेतू? ते रीळ कोरं होतं."

मग त्यानं समजावलं. निगेटिव्हमध्ये अंधार म्हणजे कोरी जागा. नेहमीच्या रिळात दोन फोटोंच्या मधली रेघ दिसते, तिच्यावरून तो कापतो. ह्या रिळात पहिल्यापासून शेवटपर्यंत रात्रच रात्र, तर रेघ कुठं शोधायची? त्यानं अंदाजानं कापलं. "त्यांना म्हणावं, पहिला फोटो दिवसाउजेडी काढा. माणसाचा, गाढवाचा, कशाचाही. मी तिथून मोजत जाईन. आणि सगळे छाप म्हणून चिठ्ठी लावा, काळे दिसले तरी."

मी येताना नवं रीळ घेऊन आलो. पण धूमकेतू थांबून राहत नाही. तो रोज लहान होत होता आणि चंद्र रोज मोठा. त्यात मंगळवारी आणि बुधवारी रात्री समुद्राकडून धुकं चढलं आणि दरी भरून गेली. गुरुवारी सकाळी आभाळ लख्ख झालं. बोटांवर मोजून एवारिस्तोनं हिशेब केला. चंद्र साडेबाराला मावळणार, तीन वाजता धूमकेतू पश्चिमेच्या डोंगराआड जाणार. मधले अडीच तास त्याचे. शुक्रवारपासून पुन्हा धुकं, असं रेडिओ सांगत होता, आणि ते जाईपर्यंत चंद्र रात्रभराचा होणार.

आणि त्याच रात्री एक ते तीन सुनिल्दाची पाण्याची पाळी होती.

तिच्या चारीचं दार वर घळीत, पाऊण तासाच्या चालीवर. तिथून आभाळ नाडीएवढं दिसतं. फळ्यांचं ते यंत्र परसात सिमेंटच्या बादलीत पक्कं बसवलेलं, दक्षिणेला अचूक रोखलेलं. ते हलवलं तर पुन्हा बसवायला दोन रात्री लागणार. रोसेंदाला पाठवावं, तर पेच फिरवणाऱ्याला घड्याळ बघता येत नाही. तो पेच धरणार आणि ती दर पंधरा सेकंदाला "हं" म्हणणार, असं त्यांचं बसलेलं होतं.

मी त्यांच्याकडं पाव आणि चीज खात बसलो होतो, तेवढ्यात सुनिल्दाच आली.

"कोंपाद्रे, आज एकला माझं पाणी. इसरू नगंस. शेळ्यांनी ठेवलंय तेवढं तरी जगंल."

रोसेंदा बोलली, "कोमाद्रे, आजची रात शेवटची हाय त्याची." आणि तिनं सगळं सांगितलं, कापलेल्या डोक्यासकट.

सुनिल्दानं ऐकून घेतलं. मग हात पुढं केला. "किल्ली दे. माझं दार मी उघडीन, मीच लावीन."

मी चावायचा थांबलो. किल्ली रानवाल्याच्या हातात जाऊ द्यायची नाही, हा आमच्याकडं पहिला नियम. मागचा पाटकरी घोरण्यापायी नव्हे, ह्याच पायी कामावरून गेला होता. रानवाल्याला किल्ली म्हणजे मांजराला दुधाची राखण. अध्यक्षांना कळलं तर एवारिस्तोचं काम गेलंच म्हणून समजा. आणि कळल्याशिवाय राहणार कसं? आमचं गाव झोपतं ते एक कान पाटाला लावून. पाणी पाच मिनिटं जास्त वाहिलं तर चार घरांत दिवे लागतात.

एवारिस्तोनं एकदा दाराबाहेर बघून घेतलं. मग कमरेची किल्ली सोडली.

"पर फुकाट न्हाय," सुनिल्दा म्हणाली. "दिवसाउजेडी एक फोटू लागतोय ना तुला? त्यो माझा."

ती घरी गेली आणि काळा झगा, चर्चला जायचे बूट घालून आली. रोसेंदानं तिला द्राक्षाच्या मांडवाखाली उभं केलं.

"हितं नगं. मक्यात काढ."

"तिथं काय बघण्यासारखं हाय, कोमाद्रे?" एवारिस्तोनं विचारलं.

"तेच तर. शेळ्यांनी काय केलंय ते दिसलं पायजे. उद्या तू न्हाय म्हणशील."

तर रिळाचा पहिला फोटो असा, की कुरतडलेल्या धाटांत सुनिल्दा तापिया उभी, एक हात मोडक्या कणसाकडं, चेहरा न्यायाधीशाचा.

त्या रात्री मीही अंथरुणात जागाच होतो. परसातून रोसेंदाचं "हं... हं..." ऐकू येत होतं. बरोबर एकला पाट बोलू लागला. माझं सगळं लक्ष तिकडं. तीनला थांबलं नाही तर एवारिस्तोचं काय होणार, हे मला दिसत होतं. बाईमाणसाला लोखंडी दार ओढलं नाही तर? लोभ सुटला तर? मका तर खरंच वाळत होता.

पाणी थांबलं. मी घड्याळ बघितलं, तीनला दहा कमी. थोड्या वेळानं रोसेंदाचा आवाजही थांबला.

सकाळी बस काढायच्या आधी मी सुनिल्दाला गाठलं. "बाई, दहा मिनिटं आधीच तोडलंस?"

"मग? रांडमुंड बाईनं किल्ली घेतली आन पाणी चोरलं, असं कुणी म्हणायला नगं. धा मिनटं गेली तर जाऊ द्यात. आता बोला म्हणावं." आणि ते ती मला नव्हे, माझ्या मागं बसच्या दारात उभ्या असलेल्या अध्यक्षांना ऐकवत होती. ते सकाळी सकाळी काही कारण नसताना तिथं आले होते. त्यांनी टोपी सारखी केली, "धुकं गेलं वाटतं," एवढं म्हणाले आणि बसमध्ये चढले. ओव्हायेपर्यंत त्यांनी किल्लीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी पाकीट आणलं तेव्हा बसथांब्यावर नेहमीपेक्षा चार माणसं जास्त होती, आणि त्यांना ना कुठं जायचं होतं, ना कुणाला उतरवून घ्यायचं. एवारिस्तोनं पाकीट मला परत दिलं. "तू फोड. माझ्या हाताला माती हाय." माती काही नव्हती.

वर सुनिल्दा, मक्यासकट. तो फोटो तिनं ताबडतोब काढून घेतला. मग सात फोटो रात्रीचे. पहिल्या दोनांत तारे लांबोळे झालेले, हात घाईनं फिरलेला. तिसऱ्यात प्रत्येक ताऱ्याला बारीक नागमोडी शेपूट. तेव्हा जमीन जराशी हलली होती, आमच्याकडं ती हलतच असते. आमच्यापैकी कुणी कूसही बदलली नव्हती, पण फोटोला कळलं होतं. चौथा धूसर.

पाचवा मी त्याच्या हातात दिला.

काळ्याभोर आभाळात तारे टिंबासारखे, आणि मधोमध तो, हिरवट, गोल, आणि एका बाजूला शेपटी, जी आमच्यातल्या कुणाला डोळ्यांनी कधी दिसलीच नव्हती.

"डोकं?" रोसेंदानं त्याच्या खांद्यावरून विचारलं.

"अख्खं."

फोटो हातोहात फिरला. अध्यक्षांनी तो लांब धरला, जवळ धरला. "शेपटी हाय की राव ह्याला. मग त्या रातीला का न्हाय दाखवली?"

"तुम्ही लवकर झोपलात," सुनिल्दा म्हणाली.

शेवटी फोटो एवारिस्तोकडं परत आला. त्यानं तो शर्टाच्या आत ठेवला, वरून बटण लावलं, आणि मी बसमध्ये चढत होतो तेव्हा माझ्या मागं आला.

"शुक्रवारी एक रीळ आणशील?"

"धूमकेतू तर गेला. आता कशाला?"

त्यानं हनुवटीनं दक्षिणेकडं दाखवलं. दिवसाचं तिथं काय दिसणार? पण मला कळलं. रात्री तिकडं दोन फिकट ढग दिसतात, ताऱ्यांचेच, एक मोठा आणि एक धाकटा. वारं आलं तरी न हलणारे.

"ते दोघं," एवारिस्तो म्हणाला. "ते कुठं जात न्हाईत. सावकाश काढीन."