हात न देणाऱ्या बाई

बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याची चाल बघायच्या. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या केंद्रात स्नायूंच्या आजारांवर संशोधन चालायचं. माझा धाकटा भाऊ विन्या पहिल्यांदा आत शिरला, तेव्हा नाव विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "जिन्याचा कठडा कधीपासून धरतोस रे?" आम्ही दोघं चाटच पडलो.

त्यांची तपासणी म्हणजे जमिनीवर बसायचं आणि कशालाही न धरता उठायचं. विन्या आधी ओणवा व्हायचा, मग स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत कसाबसा उभा राहायचा. बाई घड्याळ घेऊन शेजारी, पण बोट लावतील तर शपथ. काय दगड आहे ही बाई, असं वाटायचं मला. एकदा न राहवून मीच पुढे झाले, तर म्हणाल्या, "तू हात दिलास तर मला तुझी ताकद कळेल, त्याची नाही."

पुढे एका नव्या औषधाची चाचणी निघाली. आपलं आपण उठता येणारी मुलंच त्यात घेणार होते. सुकापूरला आमच्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. आईने गावदेवीला नारळसुद्धा बोलला. पण नेमका निवडीच्या दिवशी विन्या अर्ध्यापर्यंत उठला आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. बाईंनी घड्याळ खिशात टाकलं आणि काखेत हात घालून त्याला उभं केलं. संपलं, हे मला तेव्हाच कळलं.

आईने पदर पसरला. "उठला म्हनून लिवा ना, बाई. तुमचा काय जातंय?"

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला घेतलं आणि तो सुधारला नाही, तर औषधच कुचकामी ठरेल. मग पुढच्या मुलांना ते मिळायचंच नाही."

आईने अबोला धरला. बाई मात्र रविवारी येत राहिल्या, चाकाच्या खुर्चीतल्या विन्याच्या आखडलेल्या टाचा ताणून द्यायला. रिक्षावाल्याशी हुज्जत घालणाऱ्या बाईंची तो त्यांच्यासमोरच नक्कल करायचा आणि त्या पोट धरून हसायच्या. आई स्वयंपाकघरातून माझ्या हाती चहा पाठवायची. विन्याने बाईंना सांगून टाकलं होतं, "मी मेल्यावर माझे स्नायू अभ्यासाला घ्या." माझ्या पोराला कापायचं नाही, असं आई म्हणाली आणि बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी विन्याचे श्वासाचे स्नायूही थकले. तो गेला. कामोठ्याचे, उरणचे नातेवाईक यायचे होते. आधी कोणाला कळवायचं, काही सुचत नव्हतं मला. आई म्हणाली, "पयला बाईला बोलव."

बाई बर्फाची पेटी घेऊन आल्या, पण दारातच थांबल्या. आई विन्याच्या कपाळावरून हात फिरवत होती.

"न्या काय न्यायचा ते. पन कुनाचा तरी पोर उठला पायजे."

दुसरं कोणी असतं तर 'हो' म्हणालं असतं. बाईंचे डोळे भरून आले होते, तरी त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. पण काम सोडणार नाही."

आई उठली आणि तिने त्यांना विन्याजवळ जागा करून दिली.