बाबांच्या ताटातला घोळ

ऊन चाळीच्या पत्र्यांवरून उतरून मोगऱ्याच्या आळ्यात पोचलं, की मातीला बिलगून पसरलेल्या घोळाची इवली पिवळी फुलं उघडायची. लालसर गुबगुबीत देठ, थेंबासारखी जाड पानं, आणि ओल्या मातीत मिसळलेला साबणाच्या पाण्याचा वास... कळव्याला आमच्या खोलीपुढे जेमतेम चटईएवढी माती होती. तेवढ्यावरूनही घरात मूक तंटा चालायचा.

बाबांना तिथे फक्त मोगरा हवा होता. बुद्धपौर्णिमेला वंदनेसाठी घरची पांढरी फुलं असावीत, एवढीच त्यांची हौस. घोळ दिसला की मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडे. आईला तो जीव की प्राण. तिच्या माहेरी डाळ-घोळ आणि भाकरी म्हणजे मेजवानी. पण दुष्काळात बाबांच्या घरी हाच पाला, डाळ-तेलाशिवाय, नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून खाल्लेला. ‘माझ्या घरात हा शिजणार नाही,’ असं त्यांनी लग्न झाल्या झाल्याच बजावलं होतं. आईनं ते ऐकलं – पटलं म्हणून नव्हे, त्यांचं दुखणं कळलं म्हणून. मला ही हकिगत तिनेच सांगितली. बाबा तो विषय कधी काढत नसत.

एका उन्हाळ्यात घोळ फारच माजला. बाबांनी रविवारी खुरपं घेतलं, घोळाचे बारीक तुकडे केले आणि मोगऱ्याभोवतीच पसरले. “वाळेल, खत होईल,” म्हणाले, आणि संध्याकाळी झाडांना मन लावून पाणी घातलं. झालं! आठवडाभरात तुकड्या-तुकड्याला मुळं फुटली आणि आळं हिरवंगार झालं. मला हसू आवरेना. पण बाबा आळ्याशी उकिडवे बसले होते, त्यांचा चेहरा पाहून मी गप्प झाले.

“ह्याला मरणच नाही का गं?” त्यांनी आईला विचारलं.

आई त्यांच्या शेजारी टेकली. “नाही. म्हणून तर तुम्ही जगलात ना, अहो?”

आईनं माती भिजवली, एकेक रोप बुडाशी धरून मुळासकट अलगद ओढलं आणि परातीत टाकलं. एक काडी खाली राहू दिली नाही. मला म्हणाली, “देठ मोडून बघ. पांढरा चीक आला तर तो घोळ नव्हे, फेकून दे.” ओल्या देठांचा आंबूस, कोवळा वास कितीतरी वेळ माझ्या बोटांना येत राहिला.

त्या दिवशी घरात पहिल्यांदाच तूरडाळीत घोळ शिजला. लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीचा खमंग वास अख्ख्या चाळीत गेला. आईनं बाबांना वाढलं नाही, फक्त स्वतःच्या ताटात घेतलं. बाबा बघत राहिले... मग त्यांनी तिच्याच ताटातला एक घास घेतला, सावकाश चावला.

“ह्यात डाळ आहे,” एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्या वर्षी मोगऱ्याला भरभरून कळ्या आल्या.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. बाबा माझ्याकडे असतात, बाळकुमच्या सोसायटीत. गॅलरीतल्या कुंड्यांमधला घोळ बी धरायच्या आत तेच काढतात, निवडतात आणि शिजवतातही. कधी मीठ जास्त पडतं, पण फोडणी आईचीच असते. जेवताना ते माझ्या मुलीला दुष्काळाची गोष्ट सांगतात – मला कधीही न सांगितलेली. परवा मिठाच्या पाण्याशी येऊन ते थांबले. तिचं मात्र लक्ष वाटीकडे.

“आजोबा, अजून आहे का?”

“आहे की!” बाबा लगबगीनं उठले. “पुष्कळ आहे.”