कपातीच्या यादीतलं पहिलं नाव

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी सव्वासहा. एडमंटन, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, लॅपटॉपसह. सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, चहा आणि भिंगासह. मुलगी, वय सोळा, फक्त देहाने. गैरहजर: नवरा, कामासाठी उत्तरेला, शुक्रवारी परत. बाहेर उणे एकतीस.

हजेरी लिहून सुरुवात करायची सवय ऑफिसच्या मीटिंगांमुळे लागली आणि आता घरातल्या वहीतही उतरली आहे. त्या सकाळच्या पानावर हजेरीखाली चार कामं होती. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला विजेचा प्लग लावला का पाहणे. ग्रोसरी. सासऱ्यांची डोळ्यांची अपॉइंटमेंट. आठच्या आत यादी पाठवणे.

यादी म्हणजे कपातीची यादी. मी ज्या कंपनीत आहे ती युरोपातल्या गॅस पुरवठादारांची कागदोपत्री कामं करते. गॅस आमच्या नजरेसही पडत नाही. कोणत्या कारखान्याला किती लागतो, टंचाई आली तर कोणाचा आधी तोडायचा, कोणाचा नंतर, हे आम्ही एडमंटनला बसून लिहितो. रशियातून पाइपने येणारा गॅस आटला आणि तिथला हिवाळा जहाजांच्या वेळापत्रकावर आला, तेव्हापासून आमच्या कामाला मरण नाही. पहिल्या हिवाळ्यात मी घाबरून सगळ्या बातम्या वाचायचे. दुसऱ्या हिवाळ्यात निवडक वाचायचे. आता नुसतीच दमते.

खरं तर गणित साधं असायचं. उन्हाळ्यात स्वस्त गॅस घ्यायचा, जमिनीखाली साठवायचा, थंडीत काढायचा. पण गेल्या उन्हाळ्यात भाव उतरलाच नाही. हिवाळ्याच्या भावाने घेऊन ठेवायचा कोणी? साठे अर्धवट राहिले. त्यात त्या आठवड्यात अटलांटिकमधल्या वादळाने एक जहाज मागे पडलं, आणि जर्मनीत मात्र वाऱ्याचा पत्ता नव्हता. पवनचक्क्या थांबल्या, म्हणून वीजही गॅसवर करायची. गुरुवारी कपात होणार हे जवळपास ठरलं होतं.

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणांत लोक विचारतात, "आपल्या अल्बर्टात एवढा गॅस पडलाय, पाठवा की तिकडे!" पाइप, टर्मिनल, जहाज, पश्चिम किनाऱ्यावरून निघणारी जहाजं आशियाकडेच का वळतात, हे सगळं मी पूर्वी समजावून सांगायचे. आता आणखी एक भजं घेते.

तर यादी. एका जर्मन पुरवठादाराचे काही ग्राहक असे आहेत, ज्यांनी स्वस्त दराच्या बदल्यात 'अडचण आली तर आमचा गॅस कमी करा' असं लिहून दिलं आहे. घरं आणि इस्पितळं यात नाहीत, फक्त कारखाने. प्रत्येकाने एक फॉर्म भरला होता. त्यातला एक रकाना: 'काम बंद असताना लागणारा किमान गॅस'. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याचा गॅस सर्वांत आधी, त्या आकड्यापर्यंत तोडायचा. शून्य असेल तर पहिला नंबर, आणि पूर्ण बंद.

छापलेली यादी मी टेबलावर ठेवली होती. सासऱ्यांना टेबलावरचा कोणताही कागद वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. ते सत्तरच्या दशकात या देशात आले आणि निवृत्त होईपर्यंत ऑन्टारिओत बाटल्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी भिंग पहिल्या ओळीवर आणलं आणि तिथेच थांबवलं.

"अगं, हा काचकारखाना आहे का?"

"हो बाबा. चहा गार होतोय."

"आणि पुढे शून्य?"

"त्यांनीच भरलंय."

"काचवाला माणूस शून्य लिहिणारच नाही. बाटल्या काढायचं थांबवलं तरी भट्टी पेटतीच ठेवावी लागते. आत पातळ काच असते. ती थिजली की विटा फुटतात, भट्टी गेली. परत बांधायला वर्ष जातं, बांधायची ऐपत असली तर."

"फॉर्ममध्ये तसंच आहे, बाबा."

"फॉर्म कोणी बनवला?"

"मी."

"मग झालं!" असं म्हणून त्यांनी चहा उचलला.

मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "ओह माय गॉड, आजोबा, बर्न." म्हणजे आईची जिरली.

मला हसू आलं नाही. मूळ फॉर्म उघडला. त्या रकान्यात शून्य नव्हतं. एक छोटी आडवी रेघ होती. रकाना रिकामा असेल किंवा रेघ असेल तर शून्य धरावं, असा नियम फाइलमध्ये मीच घातला होता, तीन हिवाळ्यांपूर्वी, बेरीज अडकू नये म्हणून. तेव्हा मला त्या नियमाचा अभिमान वाटला होता.

सहा चाळीस. जर्मनीत पावणेतीन वाजत आलेले. कारखान्याच्या नियोजकाला फोन लावला. साठीच्या जवळचा असावा, कोरड्या आवाजाचा माणूस. तीन वर्षं आम्ही महिन्यातून एकदा बोलतो, एकमेकांना पाहिलेलं नाही. मी इंग्रजीत विचारलं, ती रेघ म्हणजे काय?

"रेघ म्हणजे प्रश्न चुकीचा आहे," तो म्हणाला. "काम बंद असताना किती लागतो, असं विचारलंय. आमचं काम बंद होत नाही. ही भट्टी पेटल्यापासून माझं एक लग्न झालं आणि मोडलं. भट्टी चालू आहे."

"मग तसं लिहायचं ना!"

"बाई, तुमच्या रकान्यात फक्त आकडा बसतो."

गुरुवारी काय होणार होतं ते मी सांगितलं. मग तो हळू म्हणाला, "गावात दुसरा कारखाना नाही. तुम्हाला किती वाजेपर्यंत हवं आहे?"

"तुमचे चार."

भट्टी नुसती तापती ठेवायला लागेल तेवढा आकडा त्याने दिला. मी तो जोरात वाचला. सासऱ्यांनी पलीकडून मान डोलावली, बरोबर वाटतोय. पण फोनवरचा आकडा चालत नाही, फॉर्मवर संचालकाची सही लागते, आणि संचालक दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत होते. नियोजक म्हणाला, "मीच जातो. तोंड उघडं असलं तरी हात मोकळा असतो." फोन ठेवला.

मग माझ्या वरिष्ठाला उठवलं. तो पश्चिम किनाऱ्याजवळ, सरे शहरात असतो, मूळचा जालंधरचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिथे सहा वाजत होते.

"दीदी, लिस्ट तो कल फ्रीझ हो गई थी ना?"

"गलती मेरी है. पहला नाम गलत है."

"सिर्फ एक?"

"अब तक एक."

त्याने सुस्कारा सोडला. "सब चेक करो फिर. जहाँ रेघ है." 'रेघ' हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला आहे.

मी सगळे फॉर्म उघडले. सासरे शेजारी सरकून बसले आणि भिंगाने पडदा वाचू लागले. पडद्याला भिंग लागत नाही, बाबा, हे मी त्या दिवशी म्हटलं नाही. आणखी एक रेघ सापडली, विटांच्या भट्टीची. तिथे फोन केला तर बाई म्हणाल्या, आमची भट्टी महिन्यापासून थंडच आहे, मागणीच नाही, तोडा खुशाल, तोडण्यासारखं काही नाही. म्हणजे ती भट्टी यादीतून काढायची. शाळेची बस आली, मुलगी गेली. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच.

सात एकावन्नला सहीचा फोटो आला. सही वाकडी होती. मी आकडा भरला, नियम काढला, यादी पुन्हा लावली. काचकारखाना पहिल्या ओळीवरून खाली सरकत सरकत दुसऱ्या पानावर गेला. सासरे म्हणाले, "आता चहा दे." मी दिला.

मग पहिली ओळ पाहिली. ती रिकामी राहत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तिथे आता एक लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या चादरी धुणारी, बायकाच चालवतात. त्यांच्या रकान्यात शून्य होतं, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं खरं शून्य. फॉर्म आला त्याच दिवशी त्यांनी भरून पाठवला होता. सोबत एक ओळ: मशिनं बंद केली की आम्हाला काहीच लागत नाही, पण त्या दिवसाचा रोज बुडतो, तर कृपया दोन दिवस आधी कळवावं.

सात अठ्ठावन्नला यादी गेली. मी वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली. मग लॉन्ड्रीला फोन लावला. लागला नाही. नऊला लावला, नाही. त्यांची पाळी तिथल्या तीनला, म्हणजे आमच्या सकाळी सातलाच सुटते, हे फॉर्मवरच होतं, मी आधी वाचायला हवं होतं. ईमेल पाठवला. त्यांच्या ऑफिसकडून आपोआप उत्तर आलं, की ईमेल उद्या सकाळी पाहिले जातील. त्यांची उद्याची सकाळ म्हणजे कपातीला एकच दिवस उरलेला.

सासऱ्यांना मी विचारलं, तुमच्या कारखान्यात कधी असं झालं होतं का? ते म्हणाले, "आमच्याकडे यादी नव्हती गं. मॅनेजरच ठरवायचा. त्याचा राग यायचा, ते सोपं होतं."

दुपारी ग्रोसरी केली, डोळ्यांची अपॉइंटमेंट पुढच्या सोमवारची मिळाली, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, गाडीचा प्लगही पाहिला. वहीतली चारही कामं झाली. खाली पाचवं लिहिलं: लॉन्ड्रीला सांगणे. त्यापुढची जागा अजून रिकामी आहे.