चहाच्या आधीची गोळी

वैजयंताला सगळ्यात जास्त किळस येते ती सकाळची. सकाळ म्हणजे तिच्या लेखी उजेड नव्हे की पाखरं नव्हेत, सकाळ म्हणजे उशाशी ठेवलेल्या डबीतली ती गोळी. पांढरीफटक, तुरीच्या डाळीएवढी, धड कडू नाही की गोड नाही. उठल्याउठल्या उपाशीपोटी गिळायची आणि मग तासभर चहाकडे नुसतं बघत बसायचं. असं किती दिवस, म्हणून तिनं विचारलं होतं. "कायमचं. सवय होऊन जाते," असं डॉक्टर हसत म्हणाला होता. त्या हसण्याचा तिला अजून राग आहे.

सवय होते म्हणे! न्हाणीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बोटांनी ओढून काढायची सवय कुणाला होते? सुजलेले डोळे, भेगाळलेल्या टाचा, रेड्यासारखा घोगरा आवाज. वैजयंता ब्लाऊज शिवते, आणि हल्ली फोनवर गिऱ्हाइकं तिलाच विचारतात, "दादा, ताई आहेत का?" गळ्यावर लिंबाएवढी गाठ दिसते, म्हणून ती घरातसुद्धा ओढणी गुंडाळून बसते. शेजारच्या मसलेकाकू म्हणतात, "थायरॉइड ना? आजकाल सगळ्यांनाच असतो. धण्याचं पाणी पी." घरोघरी मातीच्या चुली असतात हे खरं, पण म्हणून आपली भाकरी करपली तर माणसानं नाकच मुरडू नये की काय?

शेवटी संक्रांतीच्या सुमारास तिनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. सकाळी नवरा, दिगंबर, पाण्याचा पेला आणून ठेवतो आणि "घेतलीस?" म्हणून विचारतो. ती "हं" म्हणते. गोळी मुठीतून गॅलरीत जाते आणि कोरफडीच्या कुंडीत गाडली जाते. "आता लगेच चहा चालतो, डॉक्टर म्हणालाय," असंही तिनं ठोकून दिलं आहे. दिगंबर भोळा सांब, त्याला ते पटलं. पण शरीर काही भोळं नसतं. परवा कापड बेतता बेतता तिचा डोळा लागला आणि कात्री मांडीवर पडली. जिना चढताना छाती भरून येते. चुकतंय ते तिला कळतं, पण गोळीचं नाव काढलं की पोटातून ढवळून येतं.

आजही तिनं गोळी गाडली आहे, बोट धुतलं आहे आणि परत येऊन अंथरुणावर पडली आहे. बाहेर जेमतेम फटफटलंय. दिगंबर दूध आणायला गेलाय. अंग ओल्या गोणपाटासारखं जड होतं. पापण्या मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. खोलीच्या कोपऱ्यात शिवणयंत्राचं चाक गर्रकन फिरतं आणि थांबतं.

यंत्रासमोर सरूआत्या बसली आहे.

सरूआत्या म्हणजे वैजयंताच्या वडिलांची बहीण. लहान वयात विधवा होऊन बार्शीला भावाच्या घरी आली आणि तिनंच वैजयंताला वाढवलं. जाऊन चार वर्षं झाली. ती आहे तशीच आहे. चेहरा फुगलेला, गळ्याखाली पेरूएवढी गाठ, त्यावरून घेतलेला पदर. फक्त ब्लाऊजच्या बाह्या काखेपासून कोपरापर्यंत उसवलेल्या आहेत.

"किती वेळ लावायलीस गं?" आत्या म्हणते. "उसवून ठिवलास आन् शिवायचा कुनी?"

बाह्या कुणी उसवल्या ते वैजयंताला पक्कं ठाऊक आहे. आत्या गेली त्या दिवशी, न्यायच्या आधी, नवा ब्लाऊज तिच्या सुजलेल्या दंडावर चढेना. जमलेल्या बायका म्हणाल्या, "वैजू, तू शिवणारी, तूच बघ." तिनं धागे कापले. हाताखालचं कातडं गार होतं, कणकेसारखं दबत होतं. नंतर तिनं किती वेळा साबण लावला तरी हातांची शिसारी गेली नव्हती.

"हात वर कर," वैजयंता म्हणते आणि टेप घेते.

दंडाचं माप होतं. मग ती टेप गळ्याभोवती घेते. टेप गळ्याला एक वेढा घालते, दुसरा घालते, आणि संपतच नाही. हातातून सुटून ती फरशीवर उतरते, दाराबाहेर जाते. वैजयंता ती गोळा करत वाकून वाकून पुढे सरकते आणि वर बघते तर समोर रक्ततपासणीचं बाकडं आहे. बाकड्यावर ओळीनं बायका बसल्यात, सगळ्यांच्या गळ्याभोवती ओढण्या नाहीतर पदर. कुणी कुणाकडे बघत नाही. आत्यानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे.

"बस. आपला नंबर आलाय."

सुई टोचणारी बाई वैजयंताचा दंड आवळते. सुई आत जाते, नळी भरू लागते. नळीत रक्त नाही, चहा आहे. दुधाचा, दाट, वेलदोडा घातलेला, वाफाळता.

"शी!" वैजयंता हात मागे ओढते.

"शी काय त्यात? चा हाय," आत्या म्हणते आणि नळी बशीत ओतते. बशीवर बघता बघता साय धरते. आत्या ती बोटानं उचलते आणि सुर्रकन तोंडात घालते. ती जिवंत होती तेव्हाही असंच करायची, आणि वैजयंता तेव्हाही तोंड फिरवायची. आताही फिरवते. फिरवते तर समोर बार्शीच्या घरातला स्टो भरभरतोय, फळीवर पितळेचे डबे आहेत, आणि आत्या पाटावर बसून तळहातावरची गोळी बघते आहे. तीच गोळी, पांढरीफटक.

आत्या गोळी जिभेवर ठेवते आणि बशी ओठाला लावते.

"आत्या, थांब! चहाबरोबर नाही घ्यायची!"

"उपाशीपोटीच घेतीय की."

"चहा पितेस ना!"

"मग? चा उपासाला चालतो."

आत्याचं काही खोटं नव्हतं. सोमवार, एकादशी, संकष्टी, आत्याचे सगळे उपास चहावर निघायचे. चहानं उपास मोडत नाही, तर चहानं पोट भरलं असं कोण म्हणेल? डॉक्टरनं उपाशीपोटी सांगितलं, आत्यानं उपाशीपोटी घेतली, रोज, नेमानं, बशीभर दुधाच्या चहाबरोबर. अंगाला काही लागलीच नाही. डॉक्टर गोळी वाढवत गेला आणि आत्या सुजत गेली. "मेली गोळी, खाऊन तरी काय उजेड पडलाय," म्हणत तिनं एक दिवस बाटली उकिरड्यावर भिरकावली, आणि त्याच थंडीत गेली. पुढं वैजयंताला हाच आजार निघाला आणि डॉक्टर म्हणाला, चहा तासाभरानं. तेव्हा कुठं तिला लख्ख कळलं. पण सांगायला आत्या होती कुठं?

आता आहे. वैजयंता पाटासमोर उकिडवी बसते आणि सांगते.

"आत्या, दुधाच्या चहानं ती गोळी अंगाला लागत नाही. नुसत्या पाण्यानं घ्यायची असते. उपासाला चालतं ते गोळीला चालत नाही."

आत्या बशी खाली ठेवते. स्टो भरभरत राहतो.

"म्हंजे इतकी वर्सं समद्या गोळ्या चानंच खाल्ल्या?"

"हो."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तू कशाबरोबर घेतेस, हे कुणी विचारलंच नाही गं."

"तुला बी ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"थू!" आत्या थुंकते. डॉक्टरवर, चहावर, की स्वतःच्या सुजलेल्या हातांवर, ते कळत नाही. मग तिला हसू येतं, घोगरं, खोकल्यासारखं. "आन् मी देवाला बोल लावला."

ती बशी उलटी करते. चहा जमिनीवर पसरतो आणि जमीन तो पिऊन टाकते, कारण ती जमीन नाही, माती आहे. कुंडीतली माती. कोरफडीची पानं वैजयंताच्या डोक्याच्या वर गेली आहेत. आत्या मातीत कोपरापर्यंत हात घालते आणि ओंजळ भरून वर काढते. ओंजळीत गोळ्या आहेत, पाणी पिऊन फुगलेल्या, हुमणीच्या अळ्यांसारख्या पांढऱ्या. त्या हलल्यासारख्या वाटतात. वैजयंता तोंडावर हात दाबते.

"ह्या कुनाच्या?"

"माझ्या."

"तुला बी कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

वैजयंता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते.

"मला ठावं नव्हतं म्हनून मी मेले. तुला ठावं हाय, तरी मरायलीस?"

"किळस येते गं आत्या!" वैजयंता ओरडते. घोगऱ्या आवाजात ओरडते आणि त्या आवाजाचीही तिला किळस येते. "रोज उठून तेच! बरं होण्यासाठीसुद्धा नाही, नुसतं आहे तिथं राहण्यासाठी. ह्या केसांची येते, ह्या गळ्याची येते. माझ्या अंगाला मलाच हात लावावासा वाटत नाही. तुझीपण यायची. तुला शेवटची आंघोळ घालताना आली होती."

बोलून गेल्यावर तिला वाटतं, आता आत्या उठून जाईल. आत्या उठत नाही.

"यायचीच," ती म्हणते. "मला बी माजी यायची. मी आरशावर टावेल टाकायचे, ध्यानात हाय का? आगं, किळस आली म्हनून कुनी पोराचं ढुंगन धुवायचं ऱ्हातं का? तुजं म्या धुतलं, नाकाला पदर लावून धुतलं. प्रेमानं बिमानं न्हाई, धुवाय लागतं म्हनून धुतलं. तसंच हे. किळस आली तर येऊ दे. नाक धर आन् गीळ."

ती ओंजळीतली एक गोळी वेचते, बाकीच्या मातीत टाकते. वैजयंताच्या ओढणीचं टोक ओढून त्यात ती गोळी ठेवते आणि गाठ मारते. लहानपणी तिला दुकानात पाठवताना फ्रॉकच्या पट्ट्यात पैसे बांधून मारायची तशी, दोनदा, दातात धरून आवळलेली.

"इसरशील म्हनून," आत्या म्हणते.

"आणि तुझा ब्लाऊज?"

"ऱ्हाऊ दे. आसाच मोकळा वाटतो."

आत्या गाठ पुन्हा एकदा आवळते. ओढणी गळ्याला काचते, श्वास कोंडतो, आणि वैजयंता धडपडून उठून बसते.

स्वयंपाकघरात पातेलं वाजतं. दूध आलंय. आल्याचा, चहाच्या पावडरीचा वास घरभर सुटलाय. उशाशी पाण्याचा पेला तसाच आहे.

"घेतलीस का?" आतून दिगंबर विचारतो.

सवयीनं "हं" ओठांवर येतं. तेवढ्यात तिचा हात गळ्यावर जातो, काचलेली ओढणी सैल करायला, आणि बोटांना काहीतरी टोचतं. ओढणीच्या टोकाला गाठ आहे. दुहेरी, घट्ट, टोकाशी किंचित ओली. आयुष्यभर दोऱ्याशी खेळलेल्या तिच्या बोटांनाही ती सुटत नाही. शेवटी तिला दात लावावे लागतात. गाठ सुटते. आत गोळी आहे, कडा विरघळलेली, कुंडीतली काळी माती लागलेली. तिची नखं मात्र स्वच्छ आहेत.

डबीत चांगल्या कोरड्या गोळ्या आहेत, त्यातली घेता येईल. पण ती हीच पुसते, नाक धरते, पेला उचलते आणि गिळते. दाताखाली माती कचकचते. शी.

दिगंबर कपबशी घेऊन दारात येतो. "घे, गरम आहे तोवर."

"तासाभरानं घेते."

"का? आता लगेच चालतो म्हणाली होतीस ना?"

"चालत नाही," वैजयंता म्हणते. "कधीच चालत नव्हता. झाकून ठेवा."

तो तिच्याकडे बघतो, मातीचा डाग पडलेल्या ओढणीकडे बघतो. मग त्याला जे सुचतं ते बोलतो. "साय धरेल. तुला आवडत नाही."

"धरू द्या."