उभ्या उभ्या

‘उभ्या उभ्या’ या दोन शब्दांचा माझ्या थोरल्या वन्संनी जेवढा छळ केला आहे, तेवढा कोणत्याही सासूने सुनेचा केला नसेल. ‘उभ्या उभ्या जाऊन येऊ’ असं त्या म्हणाल्या की समजावं, दोनदा चहा, एकदा जेवण आणि त्या घरातल्या सगळ्या दुखण्यांची चौकशी झाल्याशिवाय सुटका नाही. अकोले तालुक्यातल्या त्यांच्या डोंगरातल्या गावाहून त्या आमच्याकडे संगमनेरला आल्या, की कोपऱ्यावर औषध आणायला म्हणून जायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. हातात औषध सोडून सगळं असायचं: कुणाकडचं लोणचं, कुणाच्या लग्नाची पत्रिका आणि एकदा तर कुणाची तरी सहा वर्षांची मुलगी. तिचे आईबाप लग्नाला गेलेत, तेव्हा ती उद्यापर्यंत आपल्याकडे राहील, हे त्यांनी आम्हाला चपला काढता काढता सांगितलं.

त्यात ओटीचं वेड. निघताना घरच्या बाईने पदरात नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस घातल्याशिवाय वन्सं कुणाचा उंबरा ओलांडत नाहीत, आणि एकदा मिळालेली ओटी घरी देवापुढे ठेवेपर्यंत हातची सोडत नाहीत. जाताना स्वतःच्या शेतातला सुवासिक तांदूळ पुड्या बांधून वाटायचा आणि येताना लोकांचा रेशनचा गोळा करून आणायचा, हा त्यांचा व्यवहार मला आजवर कळलेला नाही. त्यांनी मला दिलेलं हिरव्या बुट्ट्यांचं एक ब्लाउजपीस मी पुढे ढकललं, ते दोन वर्षांनी त्यांच्याच हातून माझ्या ओटीत परत आलं.

अशा बाईला घेऊन आम्ही पंधरा-एक वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस पुणं पाहायला निघालो. हे, मी, आमचा अकरावीतला मुलगा आणि वन्सं. आता माझ्याबद्दलही सांगायला हवं. मी तेव्हा शाळेत मास्तरीण होते आणि स्वतःला फार पुढारलेली समजत असे. पुण्याच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर चढून येणार, असं मी सगळ्या शिक्षकांसमोर जाहीर केलं होतं. त्यावर आमच्या मुख्याध्यापकांनी “बघा हं बाई, भल्याभल्यांचे पाय लटपटतात,” एवढंच म्हटलं, आणि मी पेटले. आठ दिवस घरच्या जिन्यावर सराव केला. उजवा पाय पुढे, डावा हात कठड्यावर, नजर समोर. निऱ्या जिन्यात अडकू नयेत म्हणून साडीला अकरा पिना लावल्या आणि डोळ्यांवर काळा गॉगल चढवला. पहाटेच्या एसटीत, अंधारात, तो गॉगल घालून मी बसले होते. कंडक्टरने मला हाताला धरून उतरवलं.

ठरलं होतं असं, की सकाळी प्राणिसंग्रहालय, दुपारी थाळी, मग मॉल आणि संध्याकाळी सातची एसटी. शिवाजीनगरला उतरल्या उतरल्या वन्सं म्हणाल्या, माझ्या जावेची भाची इथंच राहते, उभ्या उभ्या भेटू. तिथे पोहे झाले. भाचीने आणखी एकीचा पत्ता दिला, तिथे जेवण झालं. तिसऱ्या घरी चहाचं आधण ठेवलेलं पाहून हे आणि मुलगा ‘सातला स्टँडवर भेटू’ म्हणून सटकले आणि वाघ बघून आले. चौथं घर तर आमच्या ओळखीचंच नव्हतं. वन्संच्या गावची मंडळी तिथून केव्हाच गेली होती आणि आता लातूरकडचं एक कुटुंब राहत होतं. मी खुणा करत होते, पण वन्सं आत जाऊन बसल्याही होत्या. त्या भल्या बाईनेही आमची ओटी भरली.

मॉलच्या दारात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते, आणि दोघींच्या पिशव्यांत मिळून आठ नारळ होते.

तिथल्या वॉचमनने पिशवी उघडली आणि नारळ आत जाणार नाहीत म्हणाला. वन्संनी आधी त्याचं गाव विचारलं. तो तिसगावचा निघाला. मग त्याची बायको, पोरं, पाऊसपाणी सगळं झालं, त्याने वन्संना बसायला स्वतःची खुर्ची दिली, पण नारळ काही सोडले नाहीत. “मावशी, माजी नोकरी जाईल,” म्हणाला. मी म्हटलं, वन्सं, ठेवा त्या पिशव्या इथेच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी लेकरू फाटकावर टाकून यायला सांगितलं होतं. पिशव्या मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, “वैनी, तू जा. उभ्या उभ्या जाऊन ये.”

मी तणतणत आत गेले. जिना समोरच होता. जमिनीतून दात असलेल्या पायऱ्या निघत होत्या आणि कुणासाठी थांबत नव्हत्या. मी उजवा पाय पुढे केला, मागे घेतला. डावा करून पाहिला. मागचे लोक ‘काकू, चला ना’ म्हणत बाजूने चढून गेले. हातात फुगा घेतलेली एक चिमुरडी टुणकन उडी मारून वर गेली आणि वरून माझ्याकडे बघत राहिली. घरचा जिना जागचा हलत नव्हता, हे माझ्या तिथे लक्षात आलं. पाच-दहा मिनिटं मी तशीच उभी होते. मग परत फिरले.

“चढलीस?” वन्संनी विचारलं.

“दोनदा,” मी म्हटलं. एकदा म्हणूनही भागलं असतं.

त्यानंतर वन्संनी ही बातमी दोन तालुक्यांत पोचवली. आमची वैनी जिन्यावर नुसती उभी राहिली आणि जिना तिला घेऊन वर गेला, वरून तिनं मला हात केला, असं त्या ज्या घरी जातील तिथे सांगायच्या. लग्नाकार्यात बायका मला गराडा घालून विचारायच्या आणि मी उजवा पाय, डावा हात समजावून सांगायची. मुख्याध्यापकांनी तर शाळेत माझं भाषण ठेवलं. ते मी दिलं. प्रत्येक वेळी मला वन्संचा संताप यायचा, की या बाईला एखादी गोष्ट एकाच घरी सांगून गप्प बसता येत नाही का?

आता त्यांचे गुडघे गेलेत. घराबाहेर पडणं बंद झालंय, म्हणून मीच जाते. गेल्या महिन्यात नातीला घेऊन गेले, तर तिलाही जिन्याची गोष्ट सुरू. नात माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली, तेव्हा मला राहवेना. तिला गाय बघायला पाठवलं आणि म्हटलं, “वन्सं, मी चढलेच नव्हते.”

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ठावं हाय. दार काचेचं हुतं.”

मग एवढी वर्षं गावभर का सांगत होता, असं मी विचारलं. त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“तुजा दिवस माज्यापायी गेल्ता,” त्या म्हणाल्या. “अन् तू पिना किती लावल्या हुत्या गं.”

बाहेर संगमनेरला जाणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला. मी पिशवी उचलली, तशा त्या ‘थांब, ओटी भरते’ म्हणत भिंतीला धरून उठायला लागल्या. उठवेना. मग मीच पुन्हा खाली बसले आणि पदर पसरला. त्यांनी बसल्या बसल्याच ओटी भरली, सावकाश, एकेक मूठ मोजावी तशी. जीप थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

उभ्या उभ्या म्हणून मी गेले होते. तो तिसरा दिवस होता.