पहिल्याच वाढीला हात आडवे

तीन वर्षं मी टीव्हीवर माणसं मारली. तीही घरातलीच. मालिकेत मी नायिकेचा थोरला दीर होतो. सासऱ्यापासून सुरुवात केली आणि कधी दुधातून, कधी सणाच्या गोडातून विष घालून एकेकाला संपवत गेलो. मालिका बंद होऊन चार वर्षं झाली, तरी डहाणू स्टेशनवर उतरलो की बायका पोरांना जवळ ओढतात.

भांडून भाव पाडायचा, हे माझ्या अंगात आहे. आमचं घर कैनाडचं. मिसरूड फुटायच्या वयात मी तलासरीच्या हायवेवर चिकूच्या करंड्या विकायचो. गुजरातकडची गाडी थांबायची, आतून आवाज यायचा, ‘छेल्लो भाव बोल.’ शेवटचा भाव जो आधी बोलला तो मेला, हे मी तिथे शिकलो. पुढे मुंबईत मालिकेचा करार करतानाही तेच वापरलं. आठवड्याची सुट्टी मिळवली, स्वतंत्र मेकअप रूम मिळवली. एक ओळ मात्र नजरेतून सुटली. मालिका चालू असेपर्यंत बाहेरच्या कुठल्याही फोटोत हसायचं नाही, असं चॅनलने घातलं होतं. म्हणे त्याने भीती कमी होते. बहिणीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी पंचनाम्याला उभा केल्यासारखा दिसतो. बहीण अजून त्यावरून बोलते. मी चॅनलला अजून माफ केलेलं नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. वाणगावच्या बाजारात मिरची घ्यायला गेलो आणि सवयीने मिरचीवालीला अर्धाच भाव सांगितला. तिने नाही म्हणावं, मी चार पावलं जावं, तिने हाक मारावी, अशी अपेक्षा. तिने गुपचूप मिरची पिशवीत ओतली. ‘भाऊ, परवडत नाय’ एवढंसुद्धा बोलली नाही.

“अगं बाई, भांड ना माझ्याशी!” मी ओरडलो.

तिने घाबरून वर आणखी मूठभर टाकली.

कामं येत होती, नाही असं नाही. मांत्रिक, मुलं पळवणारा, किडनी विकणारा डॉक्टर, आणि एकदा तर मालिकेत शेवटी मेलेल्या माझ्याच त्या दिराचा जुळा भाऊ. सगळ्यांना नाही म्हटलं. त्यात थोर काही नव्हतं. अडून बसलो की समोरचा वर चढतो, असा माझा हिशोब होता. कोणी चढलं नाही. दोन वर्षं मी घरात येरझाऱ्या घातल्या.

मग एका दिग्दर्शिका मॅडमनी बोलावलं. नवी मालिका, भूमिका नवरीच्या बापाची. साधा शेतकरी, मुलीवर जीव असलेला, रडणारा. मला ती हवी होती. इतकी हवी होती की आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न बोलता हो म्हटलं. लूक टेस्टला मुलीच्या हातात दुधाचा पेला द्यायचा होता. मी पेला पुढे केला आणि कॅमेऱ्यामागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तो स्टीलचा पेला मी भिंतीवर आपटला.

मॅडमनी दूध पुसून व्हायची वाट पाहिली. “झालं? आता ऐका. चॅनलला तुम्ही नको आहात. लोक म्हणे विषाचीच वाट बघत बसतील.”

“मला शूटिंगचे चार दिवस द्या. चॅनलला दाखवा आणि मग बोला.”

“दोन देते.”

“तीन. आमच्या बाजूला गंजाडला घर, खळं आणि पंगतीला बसायला माणसं, सगळं मी मिळवून देतो.”

त्यांनी तीन दिवस दिले. चॅनलला पटलं नाही तर बाप तीर्थयात्रेला जाणार आणि परत येणार नाही, हे तोंडावर सांगितलं. मला आवडल्या बाई.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी लग्नाची पंगत. आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं मांडवात ओळीने बसवली होती, पुढ्यात पत्रावळी. मी फेटा बांधून जिलबीचं ताट घेऊन निघालो. पहिल्या बाईने पत्रावळीवर हात आडवा धरला. दुसरीनेही. तिसरा पुरुष होता, त्याने तर दोन्ही हात. बघता बघता अख्ख्या ओळीने पत्रावळी झाकल्या.

“कट!” मॅडम खुश होत्या. “पोट भरल्यावर असंच करतात ना? छान. पण आधी थोडं वाढू तर द्या.”

मुंबईच्या बाईला काय कळणार! जेवण संपताना आडवा आलेला हात म्हणजे पुरे. पहिल्याच वाढीला आलेला हात म्हणजे तुझ्या हातचं नको. माझे कान तापले. पुन्हा घेतलं, पुन्हा हात आडवे. ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती, तिच्यापुढे मी ताट आदळलं.

“आजे, नाटक आहे हे! ती मालिकाही नाटकच होती. मी कैनाडचा आहे, परका नाही!”

“कैनाडचा हायेस म्हणून तोंडावर सांगते. मुंबैचा असतास तर गप खाल्ली असती.”

“म्हणजे तुला खरंच वाटतं मी माणसं मारली?”

“खोटं हाय ते डोक्याला ठावं हाय रे. पोटाला कोण सांगेल?”

ओळ हसली. मी हसलो नाही, पण माझ्या आत काहीतरी जागं झालं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी भांडत होतं.

“बोल, काय केलं म्हणजे हात काढशील?”

“आधी तू खा.”

मी तिच्या शेजारी मांडी घातली आणि जिलबीचा तुकडा मोडला.

“अख्खी खा. आणि ती वरची नको, खालची काढ.”

अख्खी खाल्ली. मग पलीकडचीने तिच्या पसंतीची एक काढून दिली. मग समोरच्याने. पाचवीला मला ठसका लागला, तेव्हा म्हातारीने स्वतःच्या लोट्यातलं पाणी दिलं आणि पत्रावळीवरचा हात काढला. पुढचा टेक एका दमात झाला. मी वाढत गेलो, माणसं खात गेली. मला वाटलं, जिंकलो.

दुपारी मॅडमनी मॉनिटरसमोर बसवलं, पण तो टेक दाखवायला नाही. पहिला दाखवला. आडव्या हातांची ओळ आणि तिच्यापुढे ताट घेऊन उभा मी. चेहऱ्यावर अभिनय असा काहीच नव्हता.

“हे चॅनलला पाठवलं,” मॅडम म्हणाल्या. “ते वेडे झालेत. बाप कायम राहणार. फक्त एक बदल. लग्नात कोणीतरी विषाने मरणार.”

मी उठलो. खळ्याला दोन फेऱ्या मारल्या, आंब्याच्या बुंध्याला लाथ घातली, त्या झाडाला आणि चॅनलला एकदमच शिव्या दिल्या. फेटा सोडून गाडीत बसणारच होतो. पण हायवेवरचा पोरगा काही मेलेला नसतो. गिऱ्हाइकाने माल हातात धरलाय, आता ते सोडत नाही. आणि तो माल, ती आडव्या हातांची ओळ, माझ्याशिवाय त्यांना कुठे मिळणार?

परत आलो. “करतो. सगळं गाव माझ्यावर संशय घेऊ दे. मुलीच्या सासरच्यांनी माझ्या हातचं पाणीही पिऊ नये. पण विष मी घातलेलं नसेल. कधीच नाही. तसं कागदावर द्या.”

“चॅनल नाही ऐकणार. रहस्य ठेवायला लागतं.”

“लोकांसाठी ठेवा. माझ्यासाठी नको.”

त्या फोनवर बोलत होत्या, मी समोर उभा राहून नाही, नाही म्हणत होतो. आधी सहा महिने दोषी ठरवणार नाही म्हणाले. मग वर्ष. शेवटी म्हणाले, बाप जिवंत आहे तोवर तो दोषी ठरणार नाही. मला त्यातली फट दिसली. बापाला मारायचं आणि मग खुनी ठरवायचं!

“मेल्यावरही नाही,” मी म्हटलं.

मॅडम हसायला लागल्या. “मेल्यावरही?”

“मेल्यावर तर नाहीच. तेव्हा मी भांडायला नसेन.”

शेवटी होकार आला. संध्याकाळी माणसं टेम्पोत चढत होती. म्हातारीने पाय ठेवता ठेवता विचारलं, “काय रे, मग विष तू घालतोस की नाय?”

“नाय घालत.”

“तो दीर बी असंच बोलायचा.”

“आजे, लिहून घेतलंय मी!”

“दाखव कागद.”

“अजून यायचाय.”

“हां,” ती म्हणाली आणि वर चढून बसली.

टेम्पो निघाला. मुंबईला निघालेल्या मॅडमना मी तिथूनच फोन लावला, कागद कुठवर आला विचारायला.